कापूस भरलेला कोट

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार,

आईचा खोकला उतरला आहे. औषध मी चमच्याने मोजून देतो, अंदाजाने नाही. धाकटीच्या फ्रॉकचं माप पाठवलंस ते गेल्या वर्षीचं वाटतं. वहिनीला नवं घ्यायला सांग.

महिनाअखेर तू शाळेच्या नोकरीचा राजीनामा देऊन साहेबांच्या प्रचाराला जाणार, हे आईकडून कळलं. मी मागे नको म्हणालो तेव्हा तू म्हणालास, "आठवीत शाळा सोडलेल्याने मला राजकारण शिकवू नये." खरं आहे. मला राजकारण कळत नाही. मला माप कळतं.

आमच्या दुकानाच्या शिंपी मास्तरांच्या मापाच्या वहीत साहेबांचं पान एकतीस वर्षं जुनं आहे. तुरुंगातून सुटले तेव्हा छाती चौतीस. कामगारांचे पुढारी असताना छत्तीस. मंत्री झाल्यावर अडतीस. पंतप्रधान झाले तेव्हा चाळीस, आणि पुढे मास्तरांच्या अक्षरात शेरा आहे : 'आता पोट आत ओढत नाहीत.'

मास्तरांची नजर कमी झाल्यापासून बंगल्यावर मी जातो. ऑगस्टमध्ये छाती अडतीस भरली. फीत सरकली असेल म्हणून पुन्हा घेतली. तीच. नोव्हेंबरात छत्तीस. मास्तर म्हणाले, "वहीत लिही, तोंडाने बोलू नकोस. गिऱ्हाइकाचं अंग दुकानाबाहेर जात नाही." मी शब्द दिला. मग खांद्यांना जाड पॅड घातले, छातीला कॅनव्हासचे दोन थर लावून मधे कापूस भरला.

डिसेंबरच्या सभेहून आल्यावर तू लिहिलंस, 'साहेब अजून कसे भरभक्कम उभे राहतात! अजून दहा वर्षं काळजी नाही.' दादा, ते मी शिवलेलं होतं. ते पाहूनच तू नोकरी सोडायचं ठरवलंस, असं आई म्हणाली.

मंगळवारी पुन्हा गेलो. तेहतीस. मी आकडा फक्त वहीत लिहिला.

साहेब म्हणाले, "काय हो छोटे मास्तर, तुरुंगातून आलो तेव्हापेक्षाही कमी ना?"

"हो साहेब. एक इंच."

"बरं झालं. डॉक्टर मला धड आकडा सांगत नाहीत." ते खुर्चीचा हात धरून बसले. "दोन कोट कर. एक सभेचा, नेहमीसारखा भरून. दुसरा शेवटच्या निरोपाचा, माझ्या मापाचा. त्यात कापूस नको."

"दुसरा केव्हा हवा?" मी सवयीने विचारलं.

"आधी तोच शीव."

प्रचाराची पहिली सभा सहा आठवड्यांवर आहे.

हे मी तुला ऑगस्टमध्येच कळवायला हवं होतं. दिलेला शब्द आज मोडतो आहे. ही गोष्ट बाहेर गेली तर दुकान बंद होईल आणि मास्तरांना या वयात कोणी दारात उभं करणार नाही. तरी पत्र फाडून टाक असं मी म्हणत नाही. तुला जायचंच असेल तर जा, साहेब माणूस म्हणून मोठेच आहेत. पण मुलींची फी तू त्या नोकरीवर भरतोस, आणि ती सोडशील तर माझ्या कापसाकडे पाहून सोडू नकोस.

दुसरा कोट आज शिवून झाला. उद्या नेऊन देतो. त्याला फार कापड लागलं नाही.

तुझ्यापासून सहा महिने हे लपवणारा,
तुझा धाकटा