जसंच्या तसं परत

प्रिय ठमे,

पाकीट हातात घेऊन तू आधी पत्ता बघशील, मग तिकीट, मग माझ्या खोलीच्या दाराकडे. एकाच छपराखाली राहून बाबांनी पोस्टानं पत्र धाडलं, म्हणजे डोकं फिरलं! खालच्या मजल्यावरच्या तुझ्या आत्याचं मत आहे की ते शाळेत कविता पाठ करतानाच फिरलं होतं. असू दे. आधी वाच, मग रागव.

परवा तू फोनवर साहेबांना म्हणालीस, "अजून नाही येता येणार. बाबांना जिना एकट्यानं उतरवत नाही." पडलो तेव्हा माझा पाय मोडला होता गं, कान नव्हे. तिथल्या ऑफिसातली तुझी जागा ते महिनाअखेरपर्यंतच राखणार, हेही ऐकलं. तेव्हापासून मला तुझ्या कामातला तो बग, ती दडलेली चूक आठवतेय.

जेवणाच्या टेबलावर तू ऑफिस थाटलं होतंस आणि मशीन वारंवार कोसळत, बंद पडत होतं. कर्नेल म्हणजे यंत्राचं पोट, तिथं दुखलं की सगळंच आडवं, असं म्हणालीस. मला कळेना, तेव्हा माझ्या औषधांचे खोके एकावर एक रचलेस. एका कामानं दुसऱ्याला बोलावलं की स्टॅकवर, म्हणजे त्या चळतीवर, नवा खोका. त्यात त्या कामाचा पसारा आणि एक चिठ्ठी, काम झाल्यावर कुठं परतायचं त्याची. मी म्हटलं, अगं, हे तर ध्रुपद! कडवं कितीही भटकून येवो, शेवटी त्याला ध्रुपदावर यावंच लागतं. तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस, ते तुला कळलंही नाही.

मग रजिस्टरांचं सांगितलंस. यंत्राच्या अगदी हाताशी मोजकेच कप्पे, सगळ्यांनी मिळून वापरायचे. म्हणून रीत ठरलेली. काही कप्पे बोलावणाऱ्यानं सांभाळायचे, काही बोलावलेल्यानं. त्यानं ते घेतले, तर आतलं आधी जपून ठेवायचं आणि निघताना जसंच्या तसं परत भरायचं. आणि न बोलावता मध्येच टपकणारं काम असेल, तर त्यानं एकूण एक कप्पा जपायचा. तुझ्याकडे कुणीतरी एक कप्पा परत भरायला विसरलं होतं. विसरणारा सुखरूप निघून गेला, कोसळलं पुढं भलतंच कुणीतरी. "बाबा, जिथं कोसळतं तिथं चूक नसतेच," तू म्हणालीस आणि चहा गार झालेला तसाच प्यायलीस.

ठमे, तुझं कडवं छान चाललं असताना न बोलावता टपकलेलं काम म्हणजे मी. तेही जिन्यावरून घरंगळत! मला सांभाळायला तू आलीस तेव्हा शिट्टी वाजवत स्वयंपाक करायचीस. मुलीच्या जातीनं शिट्टी, म्हणून आत्या कपाळाला हात लावायची. आता तू पातेलं उतरवतानाही माझ्या पावलांचा कानोसा घेतेस. आत्यालाही ती शिट्टी हवीहवीशी झालीय. तुझा तो शिट्टीचा कप्पा परत भरून मला तुला मोकळं करायलाच हवं. नाहीतर पुढं कधीतरी, भलत्याच ठिकाणी, तू कोसळशील.

म्हणून दुपारी तुझ्या मिटिंगा चालू असताना मी आत्याला घेऊन जिना उतरायचा सराव केला. एका पायरीला एक चरण, यतीच्या थांब्याला कठड्यावर हात. ती "दादा, कविता पुरे, खाली बघ!" करत मागे. आज तिला घरातच बसायला सांगितलंय. हे पाकीट घेऊन मी एकटाच निघेन, चांभाराच्या दुकानावरून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत. अर्ध्यातून परतलो, तर ते फाडून टाकायचं ठरलंय. तेव्हा पत्र तुझ्या हातात असेल, तर समज, बाबा एकट्यानं जिना उतरले, एकट्यानं चढले, आणि तुला चहा हवा का म्हणून विचारूनही गेले. आता साहेबांना फोन कर, येते म्हणून सांग. आणि निघताना शिट्टी वाजवत जा. ती तू येताना आणली होतीस.

तुझाच,
पायरी चुकून पुन्हा तालावर आलेला,
बाबा