खोलीतले सहाशे किलोमीटर

१२ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

‘सायकल पोचली, स्टँड पोचला, नाना ठीक’ एवढं लिहायला तुला आठ दिवस लागले, तेव्हा सविस्तर पत्राची वाट बघण्यात अर्थ नाही. मीच लिहितो.

बेत असा आहे. दुकानाच्या मालकांनी मला एप्रिलमध्ये पंधरा दिवस सोडायचं कबूल केलंय. इतक्या वर्षांत लोकांची पंक्चरं काढून मी स्वतः कुठेच गेलो नाही, हे मी त्यांना जरा रडवेला चेहरा करून सांगितलं. नदी माझ्या दुकानामागून जाते आणि तुमच्या खिडकीखालून पुढे जाते. तिच्या काठाने मी तीन दिवसांत तुझ्या दारात येईन. तिथून समुद्रापर्यंत काठाकाठाने सायकलींसाठी वेगळी वाट आहे. चारशे दहा किलोमीटर, नऊ दिवस. चढ नाहीत, मोटारी नाहीत.

वडील माझेही आहेत, म्हणून नानांकडे बघायला एका नर्सबाईंशी बोलून ठेवलंय. तू हे वाचताना मान हलवणार ते मला इथून दिसतंय. हलव, पण सराव चालू ठेव.

नानांना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून तर हा हट्ट.

तुझा,
धाकटा

—

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

मान हलवली. आता ऐक.

सायकल नानांची कॉट आणि माझं मशीन यांच्या मधे उभी आहे. मागचं चाक स्टँडमुळे अधांतरी. मशीनकडे जायचं तर हँडलखालून वाकून जावं लागतं. शर्टांच्या कारखान्यातून रोज साठ शर्ट येतात, एकेकाला सात काजं. ती संपली की मी सायकलवर बसते आणि भिंतीकडे तोंड करून पॅडल मारते. नानांच्या उशापासून माझ्या डोक्यावरच्या घंटेपर्यंत दोरी बांधलेली आहे. ती ओढली की उतरायचं. साधारण दर चार किलोमीटरला एकदा उतरते. खिडकी उंच आहे, त्यामुळे काठावरून जाणाऱ्या सायकलवाल्यांची नुसती डोकी दिसतात.

नर्सबाईंचं डोक्यातून काढून टाक. अर्धांगाचा झटका आल्यापासून नाना माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नाहीत. सहा वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नाला दोन तास गेले होते, तर ते कॉटवरून पडले आणि मी येईपर्यंत फरशीवर तसेच होते. त्यावर ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पलीकडे मी गेलेली नाही आणि जाईन असं वाटतही नाही. तू तुझ्या एखाद्या मित्राला घेऊन जा.

जेवणाची आबाळ करू नकोस. रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी,
ताई

—

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रागावलो नाही. मित्राला घेऊन जाणार नाही. नर्सबाई पंचवीस मार्चला तुमच्याकडे राहायला येताहेत, म्हणजे नानांना दहा-बारा दिवस सवय होईल. सात एप्रिलला सकाळी मी दारात असेन. तू नाही म्हणालीस तर तुमच्या पायरीवर बसून रजा संपवीन, शेजारच्या मास्तरीणबाई रोज कारण विचारतील आणि मी रोज खरं सांगीन.

मायेत उणं पडू देऊ नकोस, शिव्या कितीही दे.

तुझा,
धाकटा

—

१ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. आ.

नर्सबाई आल्या. पहिले दोन दिवस नानांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर शर्ट देऊन परत आले, तर नर्सबाई भरवताहेत आणि नाना गुपचूप जेवताहेत. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंच्या भरवशावर सायकल रस्त्यावर काढली. सरळ झकास गेले. पहिल्याच वळणावर धाडकन पडले. खोलीत सहाशे किलोमीटर झाले, चाकाच्या मीटरवर आकडा आहे, पण या सगळ्यात हँडल एकदाही वळवलेलं नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मास्तरीणबाई धावत आल्या आणि आधी हसल्या. गुडघा फुटलाय. रोज संध्याकाळी अंगणात गोल गोल फिरून वळायला शिकते आहे.

हे मी हो म्हटलंय असं समजू नकोस. काळजी घे, आमची ओढ असू दे.

तुझी,
ताई

—

७ एप्रिल, दुपारी दोन

चि. धाकट्यास,

तू नदीवर आंघोळीला गेला आहेस तेवढ्यात लिहिते. समोर सांगायला गेले तर तू जाऊ देणार नाहीस.

बेचाळीस किलोमीटर झाले आणि मी एकदाही पडले नाही. दोनदा तर उगाचच मोठ्याने हसले, तू ऐकलंस. पण जेवायला बसलो आणि मी ताट बाजूला सारलं. सुटल्यासारखं वाटत नाही, पळून आल्यासारखं वाटतं. नाना पुन्हा फरशीवर पडलेत असंच डोळ्यांपुढे येतं. मी परत जाते. अंधार पडायच्या आत घरी पोचेन. तू पुढे जा आणि समुद्र बघून ये.

माझ्यावर राग धर, पण आठवणीत ठेव.

ताई

—

८ एप्रिल, सकाळी सहा

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

माझं अर्धं बोलणं कळत नाही, त्यामुळे नर्सबाई दोनदोनदा विचारून हे लिहीत आहेत. तू रात्री मास्तरीणबाईंकडे झोपलीस, म्हणून पत्र भिंतीपलीकडेच पाठवतो.

काल संध्याकाळी दाराला आतून कडी मी लावायला लावली. तू हाका मारत होतीस त्या सगळ्या ऐकल्या. नर्सबाई दोनदा उठल्या, मी त्यांचा हात सोडला नाही. मला झोप लागली आहे असं तुला आतून सांगायला लावलं, ते खोटं होतं. तू पायरीवर बसून होतीस तोवर मीही बसून होतो.

मी रागावलो असं तुला वाटलं असेल. तसं नाही. काल सकाळी तू गेलीस तेव्हापासून मला करमत नाही. जेवण जातं, पण गोड लागत नाही. तू दारात आलीस तेव्हा इतकं बरं वाटलं की मला माझीच भीती वाटली. दार उघडलं असतं तर मी तुला पुन्हा जाऊ दिलं नसतं. सहा वर्षं हेच केलं, तोंडाने काही न बोलता.

धाकटा तू सोडलंस तिथेच थांबला असेल. आत्ता निघालीस तर दहापर्यंत पोचशील. निरोप घ्यायला इकडे येऊ नकोस, आलीस तर आज कडी काढायला मी सांगेन.

लोभ असावा, पण नऊ दिवस लांबून.

तुझे,
नाना