उगवतीच्या अंगाची साल

भाद्रपद वद्य ५, शके १८५९

चि. भुजंग यास अक्काचा आशीर्वाद. माझ्या भावजयीला, नंदाबाईलाही सांग. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. अक्षर तेच आहे, वाकडं, दादांनी शिकवलेलं.

इकडे मूग घरात आला. गाय व्याली, कालवड झाली. माझी झुंबर बारा वर्षांची झाली आणि मला उलट उत्तरं देते, अगदी तुझ्यावर गेली आहे. अंबडला वकीलसाहेबांकडे तू लिहिण्याचं काम करतोस, उर्दूही झरझर लिहितोस, असं कडूबा सांगत होता. हे पत्र तोच गाडीतून आणतो आहे. त्याला जेवू घाल, पण काही विचारत बसू नकोस. त्याला ठाऊक नाही.

दादांना हगवण लागली आहे. पंधरा दिवस झाले, आता रक्त पडतं. आपल्या ज्या बापाने कुड्याच्या झाडाच्या सालीवर आसपासच्या गावांची पोटं राखली, तो भिंत धरून परसात जातो. मी जाफराबादकडच्या डोंगरातून साल मागवली, ताकात उगाळली आणि वाटी हातात दिली. ती तोंडाला लावायच्या आधी ते म्हणाले, "भुजंगानं आपलं झाड मारलं, म्हणून परक्या झाडाची साल प्यायची वेळ आली. माझ्यामागं बी त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको."

मग माझ्याने राहवलं नाही. जे त्यांना सांगितलं तेच तुला लिहिते.

ओढ्याकाठचा कुडा मी मारला.

दादांची रीत तुला पाठ आहे. आदल्या सांजेला झाडाला हळद-तांदूळ वाहून, उद्या येतो म्हणून सांगायचं. सकाळी उगवतीच्या अंगाची चार बोटं रुंद उभी पट्टी काढायची आणि जखमेवर शेणमाती लिंपायची. झाडाभोवती सुरी फिरवायची नाही. फिरवली तर झाड उभं वाळतं, आणि फिरवणाऱ्याच्या हातचं औषध लागत नाही, असं ते म्हणायचे. त्या भाद्रपदात दादा बदनापूरला गेले होते. झुंबर सहा वर्षांची, तिला हीच हगवण लागलेली, डोळे खोल गेलेले, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. मी एक पट्टी काढली. वाटलं, पुरणार नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. हात थांबला तेव्हा खोड चहूबाजूंनी उघडं पडलं होतं. झुंबर पहिल्या पट्टीतच वाचली. उरलेली साल मी ओढ्यात सोडून दिली.

दिवाळीनंतर झाड वाळलं. जालन्याच्या अत्ताराला साल विकू, असं तू कधीतरी बोलला होतास. दादांनी तेवढ्यावरून तुला दोषी धरलं आणि घराबाहेर काढलं. तू आईची शपथ घेतलीस तेव्हा मी चूल फुंकत बसले होते. नवऱ्याने टाकलेली मी, पोर पदरात. गाव नुकतंच माझ्याकडे औषधाला यायला लागलं होतं. तेवढा मान गेला तर मला कोण विचारणार होतं? भ्याले मी, भुजंग. मला त्याची लाज वाटते.

दादांनी वाटी खाली ठेवली. ओरडले नाहीत. "तुझ्या हातचं मी पिणार न्हाई," म्हणाले. "भुजंगाला बोलाव. त्यानं साल काढून दिली, मंग पिईन." दोन दिवस झाले, वाटीला शिवले नाहीत. झुंबरने देऊन पाहिली, तरी नाही. त्यांचा हट्ट तुला माहीत आहे, आणि अंगात आता फार दिवस काढायची ताकद नाही.

कुडा मुळातून फुटतो. वाळलेल्या खोडाशेजारी दोन फुटवे आले होते. मी काट्यांचं कुंपण घालून ते राखले. एक मनगटाएवढा झाला आहे. चार बोटं निघणार नाहीत, दोन निघतील. दादांपुरती होईल.

तेव्हा पत्र मिळताच नीघ. उद्या मी मारुतीच्या पारावर उभी राहून सगळ्या गावाला हे सांगणार आहे. पुढे माझ्याकडे औषधाला कुणी आलं नाही तर शेतात राबेन, पण तुझ्या नावावर माझं पाप आता एक दिवसही राहू देणार नाही. सोमवारी सांजेला ओढ्यावर जाऊन हळद-तांदूळ वाहीन आणि झाडाला सांगेन, उद्या भुजंग येतो. मंगळवारी उजाडताना सुरी तुझ्या हाती देऊन मागे सरेन.

तू आला नाहीस तर बुधवारी मी अंबडला येईन आणि वकीलसाहेबांच्या ओट्यावर हेच सगळं मोठ्याने सांगेन. माझ्यावरचा राग सोडून ये, असं म्हणत नाही. राग घेऊन ये, पण ये. झाडाला मी तुझं नाव सांगून ठेवलेलं असेल.

झाडाभोवती सुरी फिरवणारी,
तुझी अक्का सगुणा