बारा आणे दुखायलंय

१ जुलै, मंगळवार

आला एकदाचा! दवाखान्याच्या काउंटरवर, माझ्या खुर्चीच्या अगदी शेजारी टॅब बसवला. परभणीहून हरिओम नावाचा इंजिनिअर आला होता, हा प्रोग्राम त्यानंच केलाय. पेशंटनं स्वतः बोट लावायचं. नाव, गाव, काय दुखतं, कधीपासून, आणि एक ते दहापैकी किती. ज्याचा आकडा मोठा त्याचा नंबर आधी. ठरवणार मशीन.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "महिनाभर बघू, सुकेशनी. जमलं तर मग काउंटरला माणूस लागणार नाही." मॅडमचं असंच. इंजेक्शनसुद्धा आधी सांगून टोचतात. मी "बरं मॅडम" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

धाकट्या भावाचं, भूषणचं, परभणीचं होस्टेल माझ्या पगारावर चालतं. ते टॅबला कोण सांगणार?

२ जुलै, बुधवार

टॅबचं नाव ठेवलं — जावईबापू! सगळं त्यांच्या मनासारखं पाहिजे. जरा चुकलं की लाल होऊन बसतात, आणि काय चुकलं ते काही सांगत नाहीत.

३ जुलै, गुरुवार

चारठाण्याच्या कमलबाई आल्या. गुडघा. टॅबनं विचारलं, कधीपासून? "पेरणीच्या आदीपासून." जावईबापूंनी कॅलेंडर उघडलं — तारीख द्या! कमलबाई टॅबकडं बघत म्हणाल्या, "ह्याला पेरणी ठाव न्हाई व्हय? कुठल्या गावचं हाय?"

किती दुखतंय?

"बारा आणे दुखायलंय बाई."

आमच्याकडं पीक आण्यांत सांगतात. मग गुडघ्यानं काय घोडं मारलंय? मी बारा दाबलं. लाल! दहाच्या पुढं जायचं नाही. हरिओम अजून इथंच होता, त्यानं गणित घातलं — सोळा आण्यांत बारा, म्हणजे दहात साडेसात. साडेसात दाबलं. परत लाल! अर्धा चालत नाही. आम्ही तिघं एवढं हसलो की कमलबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. धाच आणे ऱ्हायलंय."

हरिओम म्हणतो, मशीनला मोघम चालत नाही, नेमकं बोलावं लागतं. अहो, पण मोघम बोललं कोण? बारा आणे म्हणजे बारा आणे! अकरा नाही, तेरा नाही. बाई चोख बोलली. ज्याला कळलं नाही त्यानं शिकावं की!

हे सगळं त्याला तोंडावर म्हटलं नाही. इथं लिहिलं.

७ जुलै, सोमवार

लोक मशीनपेक्षा हुशार. दहा दाबलं की आधी आत जाता येतं हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं. बोरीचे आबासाहेब — साधा खोकला! — "दहा लिव पोरी, मला बाजार गाठायचाय." त्यांच्याबरोबर जीपनं आलेल्या सगळ्यांनी दहा दाबलं.

बायकांचं उलटं. "दोन लिव. लोक काय म्हनतील?" एकजात दोन! यांनी बाळंतपणातसुद्धा तीनच सांगितलं असतं.

१० जुलै, गुरुवार

सकाळपासून लाइट नाही. जावईबापू निजले. जुन्या चिठ्ठ्या काढल्या, बारापर्यंत गर्दी साफ!

१५ जुलै, मंगळवार



सुमनबाई म्हणून एक बाई सुनेबरोबर आली. पन्नाशीची असेल. पोट दुखतंय. किती? "दोन." जावईबापूंनी एकविसावा नंबर दिला आणि बाई बाकावर जाऊन बसली.

तासाभरानं सहज नजर गेली. बाईची पिशवी सुनेच्या मांडीवर! आमच्याकडची सासू पिशवी कुणाच्या हातात देत नाही. गाडीभाडं, तंबाखू, औषधाच्या जुन्या चिठ्ठ्या, सगळा जीव त्यात असतो. मी उठून गेले.

"मावशी, आज भाकरी कुणी केली?"

सूनच बोलली, "कालपासून मीच करायलेय. त्यायला चुलीपाशी बसायलाच येईना."

मी दंडाला धरून सरळ आत नेलं. मागून आबासाहेबांचा आवाज — "आमी दहा हाव! ती दोनवाली आदी कशी?" आज परत आले होते, त्याच खोकल्यासाठी. मॅडमनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. लगेच ॲम्ब्युलन्स बोलावून परभणीला पाठवलं.

अजून एक तास बसली असती तर? नको. झोपते.

१७ जुलै, गुरुवार

ऑपरेशन झालं. वाचली! सुनेचा फोन आला. तिथल्या नर्सनंही विचारलं, किती दुखतंय? शुद्धीवर आल्या आल्या बाई म्हणाली — दोन.

१९ जुलै, शनिवार

हरिओम आला. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "माझ्या मशीननं मारलं असतं तिला." मला वाईट वाटलं त्याचं. म्हटलं, त्याला दोन सांगितलं, त्यानं दोन लिहिलं. विचारायचं कसं हेच त्याला कुणी शिकवलं नाही.

तर त्यानं मलाच शेजारी बसवलं. "तुम्ही काय काय विचारता ते सांगा." मी सांगत गेले. बाईला विचारायचं, भाकरी कुणी केली? बाप्याला विचारायचं, वैरण कुणी टाकली? किती दुखतं ते विचारायचंच नाही. काय करायचं थांबलं ते विचारायचं. त्यानं सगळं उतरवून घेतलं. आकडा काढूनच टाकला. चित्रं टाकली, आणि प्रश्न माझ्या आवाजात भरले. चार वेळा हसू आलं म्हणून परत परत भरावे लागले!

२५ जुलै, शुक्रवार

चाललं! कमलबाईंनी एकटीनं सगळं केलं. कधीपासून? तर आता पेरणीचं चित्र आहे. दाबलं, आणि टॅबला म्हणाल्या, "आता कसं मान्सावानी इचारायलास!" माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

इतकी खूश झाले मी. आणि मग डबा उघडताना मॅडमचं बोलणं आठवलं — जमलं तर माणूस लागणार नाही. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, सुकेशनी!

३१ जुलै, गुरुवार

मॅडमनी आत बोलावलं. "मशीन जमलं का? खरं सांग." नाही म्हणावं असं अगदी ओठावर आलं होतं. "जमलं, मॅडम."

"मग काउंटर बंद केला तर तुला किती अडचण होईल?"

"काही नाही, मॅडम. थोडीशी. बघते दुसरीकडं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "बरं. तुझ्या घरी काय काय थांबेल?"

रडले! काही इलाजच नव्हता. भूषणचं होस्टेल, आईच्या गोळ्या, अर्ध्यात राहिलेली मोरी — सगळं भडाभडा सांगितलं. मॅडमनी पाणी दिलं. "उद्या नेहमीच्या वेळेला ये," एवढंच म्हणाल्या.

१ ऑगस्ट, शुक्रवार

काउंटर काढलाय. टॅब दाराशी, माझी खुर्ची बाहेर बाकापाशी, पेशंटांत. मॅडम म्हणाल्या, "मशीन लिहील. तू बघत बस." दुपारी सगुणाबाई म्हणून एक आजी आल्या. मागं गावातल्या बायका उभ्या. टॅबनं माझ्याच आवाजात विचारलं, भाकरी कुणी केली? आजी म्हणाल्या, "मीच की!" टॅबनं एकोणिसावा नंबर दिला. मी पदराखाली लपवलेला हात बघितला. मनगट मोडलेलं होतं.