मागच्या जिन्यावरची काच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या व्यापारी इमारतींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव आणायला आता माझ्याजवळ फारसे कोणी येतही नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला. त्यांनी मला वार कोणता ते विचारले. मी तो सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीत ओल कुठून शिरते तेही सांगितले. खुब्याचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे मी मागच्या खोलीत अंथरुणावर आहे. हात चालतो, जीभ त्याहून बरी चालते.

कलम १. याआधी मी तीन मृत्युपत्रे केली होती, ती तिन्ही या कागदाने रद्द होतात. पहिले नवरा गेल्यावर केले, दुसरे सुनेने माझ्या स्वयंपाकघरातला दगडी ओटा फोडला तेव्हा, आणि तिसरे गेल्या वर्षी रागाच्या भरात. राग कशाचा होता ते आता आठवत नाही, पण कारण असणारच.

कलम २. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर माझ्या मुलाला बोलायला उभे करू नये. तो वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या इमारतींवर तास तास बोलतो. 'या भिंती आपल्याशी बोलतात' हे त्याचे ठरलेले वाक्य, त्यावर टाळ्याही ठरलेल्या. चाळीस वर्षे मी भिंतींत हात घातले, माझ्याशी एकही बोलली नाही. भिंतींना ओल लागते, त्या फुगतात, आणि लक्ष दिले नाही तर पडतात. एवढेच त्यांचे म्हणणे असते.

कलम ३. राहते घर मुलाला व सुनेला मिळावे. सुनेने दिवाणखान्यात खोटे छत लावून वरच्या लाकडी तुळया झाकून टाकल्या. 'आई, किती स्वच्छ दिसतं ना,' असे तिने मला विचारले होते, आणि मी हो म्हटले होते. त्या तुळयांना वाळवी लागलेली आहे. छत लावण्याच्या आदल्या आठवड्यात मी ती पाहिली होती. तिने विचारले असते तर सांगितले असते.

कलम ४. हत्यारे. चुना मुरवण्याची टाकी, चाळण्या आणि सगळ्या थाप्या मिस्त्रीला द्याव्यात. ओळंबा मुलाला द्यावा. तो कसा धरतात हे त्याने मिस्त्रीकडून शिकून घ्यावे, पन्नाशीला आला तरी हरकत नाही.

गोदामाच्या कोपऱ्यात सिमेंटचे एक पोते पडून पडून दगड झाले आहे. ते आमच्या धंद्यातले माझे जुने प्रतिस्पर्धी, ज्यांना सगळे सिमेंटशेठ म्हणतात, त्यांना द्यावे. जुन्या विटेला चुनाच लागतो. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडते आणि वीट आतून फुटते. हे आमच्याकडे माती कालवणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. शेठनी धान्यबाजाराची अख्खी दर्शनी बाजू सिमेंटने लिंपली, शाल घेतली, फोटो काढून घेतला. चौथ्या वर्षी विटांचा भुगा खालच्या दुकानदारांच्या तराजूत पडायला लागला. पोते त्यांनी स्वतः उचलून न्यावे, हमाल लावू नये.

कलम ५. बँकेत जे काही शिल्लक असेल ते सगळे मिस्त्रीला द्यावे. मिस्त्री म्हणजे माझ्याकडे तीस वर्षे काम केलेला गवंडी. मुले त्याला मिस्त्रीकाका म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी कापडपेढीची मागची भिंत पडली तेव्हा तो तिच्याखाली होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला तो कुबडी टेकत दोन जिने चढतो, दाराशी बसतो आणि माझी तब्येत विचारतो.

"बाई, हलकं काही असलं तर सांगा. बसल्या बसल्या चुना चाळीन."

"बघू," मी म्हणते.

अकरा वर्षे मी बघतेच आहे. तो जाताना दार हळू लावतो, मला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून. मला या जगात कशाची भीती वाटत असेल तर त्या दार लावण्याची वाटते.

कलम ६. कापडपेढीची इमारत. तीन मजले, खाली कमानींची ओळ, मध्ये चौक, वर व्यापाऱ्यांच्या बैठका. ही आमच्याकडे दुरुस्तीला आली तेव्हा मालक दुसरे होते. त्यांना खाली दुकाने आणि वर हॉटेल हवे होते. भिंत पडली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि मालकांनी ती मातीमोल विकली. विकत मी घेतली. लोकांना वाटले, बाईने प्रायश्चित्त म्हणून घेतली. वाटू दिले. आज तिच्या एकेका गाळ्यासाठी लोक रांग लावतात.

त्या कामावर देखरेख माझ्या मुलीची होती. मुलाने नकाशे काढले, पण उन्हात उभी राहिली ती. तिचा हात माझ्याहून चांगला होता, हे इथे पहिल्यांदाच लिहिते. भिंतीवर नुसती बोटे टेकवून ती सांगायची, 'इथे आत पोकळ आहे.' आणि असायचे. गवंड्यांनी हळूहळू मला विचारणे बंद केले. मी समोर उभी असताना मिस्त्री म्हणायचा, 'ताईंना विचारून घेतो.' मालकसुद्धा फोन तिला करू लागले. आईला याचा अभिमान वाटायला हवा होता. माझ्या पोटात दुखायचे.

कलम ७. या कलमाचा कच्चा मजकूर लिहायलाच मला तीन दुपारी लागल्या.

भिंतीला तडा गेला की आम्ही त्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवतो, दोन्ही टोके गिलाव्यात रोवून. काचेवर हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाने, त्या दिवसाची तारीख कोरतो. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. तडकली की काम बंद, माणसे बाहेर, आधी भिंतीला टेकू. कापडपेढीत अशा सात काचा होत्या, त्यांवरच्या तारखा मुलीने भावाची हिरकणी घेऊन कोरल्या होत्या. मुलगी रोज सकाळी सातही पाहायची आणि नोंदवहीत सही करायची.

एका रविवारी दुपारी, काम बंद असताना, मी एकटी तिथे फेरी मारायला गेले. मागच्या जिन्यावरची पाचवी काच तडकली होती. मधोमध, सरळ. उद्घाटन बारा दिवसांवर आले होते. टेकू लावायचे म्हणजे सहा आठवडे गेले असते, आणि मालक म्हणालेच होते की उशीर झाला तर पुढचे काम सिमेंटशेठना देऊ. मी तडकलेली काच खरवडून काढली, नवी बसवली, आणि माझ्या जुन्या हिरकणीने तिच्यावर जुनीच तारीख कोरली. महिन्याची नऊ. मुलीच्या नऊची शेपटी लांब असते. तो आकडा मीच तिला पाटीवर गिरवायला शिकवला होता, तेव्हा तसाच काढणे मला जड गेले नाही.

चार दिवस तिने ती काच पाहिली, शाबूत आहे असे लिहिले आणि सही केली. पाचव्या दिवशी सकाळी सह्या झाल्या आणि दुपारी भिंत खाली आली.

चौकशी करणाऱ्या साहेबांचे म्हणणे सरळ होते. भिंत अशी एकाएकी पडत नाही, काच आधीच तडकलेली असणार, म्हणजे या बाई खुर्चीत बसून सह्या ठोकत होत्या. मुलगी पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली, "मी न बघता सही करत नाही." मग मुलाची साक्ष झाली. त्याने सांगितले की एकदा तिला ताप असताना तिने दोन दिवसांच्या नोंदी कचेरीत बसून भरल्या होत्या. हे खरे होते, आणि ते त्याने सांगावे असे मीच त्याला सुचवले होते. तिचा देखरेखीचा परवाना गेला. आज ती फरश्यांच्या दुकानात लोकांच्या न्हाणीघरांचे चौरस फूट मोजते.

ती एकदाच मला म्हणाली होती, "आई, काच कोणीतरी बदलली गं."

मी म्हटले, "कोण बदलेल? हिरकणी तर दादाच्याच पिशवीत असते."

आणि मुलाला म्हटले, "तिने पाहिलंच नाही रे. आता तिला सांभाळून घे."

तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. ती मानते की काच त्याने बदलली, तो मानतो की हिच्या आळसाने मिस्त्रीकाकांचा पाय गेला. दोघेही वेगवेगळे येऊन माझ्यापाशी गाऱ्हाणी सांगतात. मला ते आवडत असे. दोघांना दुसरे कोणी उरले नाही याचे मला बरे वाटत असे. मी क्षमा मागत नाही. मागायची असती तर मागायला अकरा वर्षे होती.

हा मजकूर माझ्या पश्चातच बाहेर पडावा. विशेषतः मिस्त्रीला मी जिवंत असताना यातले अक्षरही कळू नये. मुलांच्या शिव्या मी झेलीन. तो शिवी देणार नाही, 'बाई, असं कसं?' एवढेच म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही.

कलम ८. कापडपेढीची इमारत, कमानी, चौक आणि तिन्ही मजल्यांसह, मी मुलीला देते.

मात्र मला एक बघायचे आहे. गेली दोन वर्षे ती दुकान सुटल्यावर रोज चार वाजता येते, मला पुसते, कूस बदलते, चादर काढते. सून दारातून विचारते, ही हात लावते. एकदा मी तिला विचारले, "माझ्यावर राग आहे का गं?"

"आहे," ती म्हणाली. "पाय उचल."

असे माणूस अंथरुणाशी असले की झोप लागत नाही. तेव्हा मी वकिलांना बोलावले. त्यांनी मला कायदा समजावला, तो असा: ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेले रद्द होते.

"म्हणून बाई, मुलीची साक्ष अजिबात घेऊ नका," ते म्हणाले.

"तिचीच घेणार आहे," मी म्हटले.

वकिलांनी चष्मा पुसला आणि कायदा पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

आज चार वाजता डॉक्टर इथे असतील. त्यांच्यासमोर मी सही करीन, ते साक्षीदार म्हणून करतील, आणि मग मी मुलीला म्हणेन, इथे सही कर. सगळी पाने तिच्यासमोर असतील, शेवटचे सगळ्यात वर. वाच म्हणणार नाही आणि वाचू नकोसही म्हणणार नाही. न बघता सही करत नाही म्हणते ना? वाचले तर ती सही करणार नाही. मग शेजारीण तयार बसवलेली आहे, ती साक्षीदार होईल आणि इमारत मुलीची होईल. न वाचता केली, तर चौकशीवाल्यांचेच म्हणणे खरे होते, आणि अकरा वर्षे मी उगीच मनाला लावून घेतले. मग इमारत मुलाला जावी. त्याने ती विकावी किंवा तिच्यावर व्याख्यान द्यावे. काहीही झाले तरी माझे मन मोकळे होते. असा सौदा मी धंद्यातही कधी केला नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांना मेहनताना मिळेलच. शिवाय त्यांच्या कचेरीच्या छज्ज्याखाली उभे राहू नये असा सल्ला मी त्यांना देते.

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीत असताना लिहिले, पुन्हा वाचले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण: राहत्या घरातली मागची खोली
दिनांक: १ डिसेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे
मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार दुसरी: मुलगी. आईने माझ्यासमोर सही केली. डॉक्टरांना थांबवून घेतले आणि पहिल्या पानापासून सगळे वाचले, वीस मिनिटे लागली. मग सही करते आहे. इमारत दादाला जाऊ दे, मला नको. त्याला फोन केला आहे, तो निघालाय. आज एक तारीख आहे, मिस्त्रीकाका नेहमीसारखे दाराशी येऊन बसलेत. त्यांना आत आणून खुर्ची देते, आणि दादा आला की दोघांना कलम सात मोठ्याने वाचून दाखवते. तोपर्यंत झोपू नकोस, आई. (सही)