तिला ‘ण’ येत नाही

११ फेब्रुवारी २०२३, पाटोदा

आज वाजवलं! पहिल्यांदा लोकांपुढे. कॉलेजच्या गॅदरिंगला सहा मिनिटं दिली होती, आम्ही त्यात तीन गाणी उरकली. रविराजने ड्रम असा बडवला की स्टेजची एक फळी निसटली. माझी बेस गिटार सुरात नव्हती. कुणाला कळलं नाही. कळायला कान लागतात.

आम्रपाली गायली. गायली कसली, भांडली! ‘आठव्या दिशी नळाला पानी येतंय, तू कावून येत न्हाईस बे!’ पोरं बाकांवर उभी राहिली. प्राचार्य कानात बोटं घालून बसले होते, तरी एक पाय हलत होता.

शब्द माझे. चाल माझी. गाणं संपल्यावर सगळे तिच्याभोवती. मला एका सरांनी विचारलं, “धनश्री, तूपण यांच्यातच आहेस का?”

२ मार्च २०२३

तालीम. रविराजच्या चुलत्याच्या मंडप डेकोरेशनच्या गोदामात, गाद्या आणि खुर्च्यांच्या मधे. बँडचं नाव ठरलं – ‘कावून’. सुचवलं मी. टाळी मिळाली आम्रपालीला, कारण ओरडून तिने म्हटलं.

लोक विचारतात पॉप-पंक म्हणजे काय. तीन कॉर्ड, घाईघाईचा ड्रम आणि रडायच्या गोष्टी ओरडून सांगायच्या. रविराजला दोनच वेग येतात, घाई आणि जास्त घाई. म्हणून आमचं बरं जमतं. आम्रपालीला सूर शिकवायला लागत नाही, हे मला आवडत नाही. मी एक ओळ आठ दिवस घासते, ती एकदा ऐकते आणि आपलीच असल्यासारखी म्हणते.

१९ जून २०२३

गॅदरिंगचा व्हिडिओ दोन लाखांवर! खाली सगळीकडे एकच – ‘ही पोरगी कोण आहे?’ ‘पानीवाली ताई लई भारी.’ ‘मधली.’

मी डावीकडची.

४ सप्टेंबर २०२३

पुण्याहून फोन. एक स्टुडिओवाला आहे, दाढीवाला, पाच गाणी रेकॉर्ड करू म्हणतो. आवाजात मातीचा वास आहे म्हणाला. कुणाच्या आवाजात ते सांगायची गरज नव्हती.

आम्रपाली माझ्या गळ्यात पडून रडली. “धने, तुज्यामुळं झालं गं हे सगळं.” मीपण रडले. माझं रडणं वेगळ्या कारणासाठी होतं.

५ सप्टेंबर २०२३

झोप लागली नाही. लिहूनच टाकते.

अकरावीला मला संभाजीनगरच्या होस्टेलात टाकलं. पहिल्या दिवशी मेसमध्ये मी ‘पानी’ मागितलं. चौघी जणी हसल्या. मग वर्षभर माझं नाव पानीपुरी. जिन्यात, बाथरूमबाहेर, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा! मी आरशापुढे बसून जीभ मागे वळवायची – कोण, लोणी, बाण, कणीस. टाळू दुखायची. दोन वर्षं लागली. आता माझा ‘ण’ कुणीही तपासून घ्यावा.

गावी उमापूरला गेले की आबा मेंढरांना हाकताना जे बोलतात ते मला ऐकवत नाही. आपल्याच बापाची लाज वाटते, हे लिहितानापण लाज वाटते. तरी वाटते.

आणि ही आम्रपाली ‘पानी’ म्हणते, तर लोक टाळ्या वाजवतात! मी हसू सोसलं ते काय उगाच?

१८ नोव्हेंबर २०२३, पुणे

स्टुडिओ. काचेपलीकडे आम्रपाली, कानाला मोठाले हेडफोन. अलीकडे दाढीवाला, रविराज आणि मी.

दाढीवाल्याने आधी नाव बदललं. ‘कावून’ कुणाला कळणार? आता नुसतं ‘का’. मग ओळ बदलली – ‘आठव्या दिवशी नळाला पाणी येतं, तू का येत नाहीस रे’. आम्रपालीने तक्रार केली नाही. पहिला टेक गायली. ‘पानी’ म्हणाली, बाकी सगळं नीट. दाढीवाला खुर्चीत उडाला, समोरच्या माइकचं बटण दाबून तिला म्हणाला, “मस्त! हेच ठेवू.”

रविराज लघवीला गेला होता.

मी वाकून दाढीवाल्याला म्हटलं, “तिचा ‘ण’ ऐकलात का? इथे लोक हसतील. तिला सांगा, नाहीतर सगळ्या बँडला गावंढळ म्हणतील. तिच्या घरी असंच बोलतात, तिचा दोष नाही.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. कीव आली की माणूस लवकर ऐकतो.

दाढीवाल्याने परत लावून ऐकलं. “अरे, हो की!”

त्यानंतर सव्वीस टेक. मी मोजले. “पाणी म्हण. ण. जीभ वर.” – ‘पानी.’ – “ण, ण!” – ‘पानी.’ दाढीवाला आधी हसत होता, मग नाही. रविराज म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की साहेब, चांगलं वाटतंय.” त्याला कोण विचारतंय!

ती बाहेर आली तेव्हा घामाघूम झालेली. मी बाटली पुढे केली. “पाणी घे,” म्हटलं. ‘ण’वर जरा जोर देऊन.

तिने घेतली. घटाघटा प्याली. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही.

मग दाढीवाला मला म्हणाला, तू एकदा गाऊन दे, नुसतं तिला वळण कळावं म्हणून. मी गायले. एका टेकमध्ये.

१९ नोव्हेंबर २०२३

माझाच टेक ठेवला. पाचही गाणी मीच गायले. आम्रपालीला मागची ‘ओ ओ’ दिली. त्यात ‘ण’ नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. अहमदनगर आल्यावर म्हणाली, “तुजा आवाज चांगला लागला.” खरंच म्हणाली की टोमणा होता, कळलं नाही. मी थँक्यू म्हटलं.

८ जानेवारी २०२४

आम्रपालीला ग्रुपमधून काढलं. समोर बोलायचं धाडस झालं नाही. – नाही, खोटं. धाडस होतं, कंटाळा आला. दाढीवाला म्हणतो, स्टेजवर दोन मुली दिसल्या की लोकांना कळत नाही बघायचं कुणाकडे.

वेगळा मेसेज टाकला: ‘उच्चारांवर काम कर, मग बघू.’

तिचं उत्तर आलं, ‘बरं.’

रविराज दोन दिवस तालमीला आला नाही. मग आला. ड्रम त्याचा आहे, पण तो वाहून न्यायची गाडी माझ्या मावसभावाची.

२२ एप्रिल २०२४

गाणी बाहेर आली! पुण्याच्या एका पोरीने ‘तरल’ असं लिहिलंय. तरल! आधी दोन मिनिटांचं होतं ते ‘पाणी’ आता चार मिनिटांचं झालंय. पियानो आहे. ड्रम संगणकाने वाजवलाय, रविराजने फक्त संगणकाला सांगितलं. तो म्हणतो, “हे ऐकून पळावंसं वाटत न्हाई, झोपावंसं वाटतंय.” त्याला प्रगती झेपत नाही.

मला आवडलं. मला लई आवडलं. (लई! खोडत नाही, राहू दे.)

१ मे २०२४, उमापूर

आबांना फोनवर गाणं लावून दिलं. मेंढरं बसली होती, आबा काठीला हनुवटी टेकून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “चांगलंय. कोन बाई हाय ही?”

मी म्हटलं, “मीच की आबा.”

“हट्. कुन्या म्याडमचं हाय हे. तू अशी न्हाई बोलत.”

म्हटलं, मी आता अशीच बोलते. म्हातारा हसला. माझ्याकडे बघून नाही, म्हाताऱ्या मेंढीकडे बघून हसला. मला एवढा राग आला की जेवणावरून उठले.

१० डिसेंबर २०२४

ऐकणारे वाढत नाहीत. दाढीवाला फोन उचलतो, पण ‘बघू’ म्हणतो. अजून हळू गाणी कर म्हणतो. याहून हळू म्हणजे गाणं थांबेल.

आम्रपाली ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन झाली म्हणे. लोकांचं रक्त काढते. तिथे ‘ण’ लागत नाही. हा विनोद मी रविराजला सांगितला. तो हसला नाही.

६ फेब्रुवारी २०२५, माजलगाव

घाण झाली.

गॅदरिंग. पाचशे पोरं. ‘पाणी’ सुरू केलं, पियानो वगैरे सगळं. पहिल्या ओळीला शांत. दुसऱ्या ओळीला मागून एक जण ओरडला, “आठव्या दिशी!” मग सगळेच. माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने! ‘पानी येतंय, तू कावून येत न्हाईस बे!’ पाचशे घसे. मी माइक तोंडाला चिकटवून ‘पाणी’ म्हणत राहिले, ‘पाणी, पाणी’, जसं काही त्यांची शिकवणी घेत होते. एकाने विचारलं, “ती पानीवाली ताई कुटंय?”

आणि रविराजने काय करावं? संगणकाची वायर काढली आणि त्यांच्या वेगाने ड्रम बडवायला लागला! दोन वर्षांत असा वाजवला नव्हता. घामाने चमकत होता, हसत होता. मी स्टेजवरून खाली उतरले. गाणं माझ्यावाचून पुरं झालं. टाळ्या पार बाहेर गाडीपर्यंत ऐकू येत होत्या.

७ फेब्रुवारी २०२५

रविराज गेला. “मी मंडपाचंच बघतो. तुला राग यील, पर तू तिला लई वंगाळ वागवलं.”

म्हटलं, तिला जमत नव्हतं, मी काय करू? सव्वीस संधी दिल्या.

“तू दिल्या व्हय?” म्हणाला.

आता ‘का’मध्ये मी एकटी.

१४ ऑगस्ट २०२५

आम्रपालीच्या आईचा, सत्यशीलाकाकूंचा फोन. पाटोद्यात नवं घर बांधलंय, ऑक्टोबरात गृहप्रवेश आहे. “आमरपालीनंच सांगितलंय, धनश्रीला बोलव म्हनून. ये बाई.”

जाणार आहे. तिचं कसं चाललंय ते बघायचंय. रक्त काढून काढून थकलेली असेल. मी चांगली साडी नेसून जाईन, पुण्याचं बोलेन, नव्या गाण्यांचं सांगेन. नवी गाणी नाहीत, पण तिला काय माहीत! तिचा चेहरा पडलेला एकदा बघितला की मला बरं वाटेल. हे वाईट आहे. असू दे.

५ ऑक्टोबर २०२५, पाटोदा

आधी त्रिशरण-पंचशील झालं. पुढे बसून आम्रपाली सांगत होती, बाकीचे तिच्यामागून म्हणत होते. सरणं. वेरमणी. पुन्हा वेरमणी. पाच वेळा. एकेक ‘ण’ माझ्यापेक्षा स्वच्छ. काकू म्हणाल्या, चार वर्षांची असल्यापासून रोज म्हणते.

मी न जेवता निघाले. चपला शोधत होते तेव्हा ती मागे आली.

“पुण्याला तू त्याच्या कानात बोललीस ना, ते माज्या हेडफोनात आलं व्हतं,” म्हणाली. “मला येतं गं. त्या दिवशी म्हनायचं नव्हतं.”