एक चमचा पादोदक

लातूर,
४ फेब्रुवारी २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. सौ. मंजुश्रीस आईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोनवर बोलावं तर घरात सगळ्यांचे कान टवकारलेले, म्हणून लिहून ऱ्हायले. तुझ्या अप्पांची तब्येत बरी हाय. शी बाहेर काढाया पोटावर लावलेली पिशवी तीन महिन्यांनी काढू, असं डॉक्टर म्हणतात. अप्पांना तिची लई लाज वाटते. गिऱ्हाइकासमोर आवाज झाला तर काय करू म्हणतात, अन् दुकानाकडं फिरकत न्हाईत.

आता खरं दुखणं सांगते. आतड्यातली गाठ काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी लिंगपूजेबिगर चैन पडंना म्हणून अप्पांनी हट्ट धरला. डॉक्टरनी तोंडावाटे काही द्यायचं न्हाई म्हणून सांगितलेलं. मी त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करवली, अन् पूजेच्या पाण्याचा, पादोदकाचा, एकच चमचा तोंडात घातला. पुढं ताप चढला, पोट फुगलं. आतडं जोडलं होतं तिथं गळाया लागलं, म्हणून पुन्हा पोट उघडावं लागलं.

तुझी पार्वतम्मा आत्या पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरते, की नीलानं पाणी पाजून माझ्या भावाचं आतडं फोडलं. तिचं बोलणं मी सोसलं असतं गं. पण तवापासून अप्पा माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. तांब्या भरून ठेवला तर सूनबाईला हाक मारतात. मी पूजेला बसते अन् पादोदकाचा चमचा तसाच खाली ठेवते. तू आपरेशनच्या खोलीत सिस्टर हायस. माझ्यामुळंच झालं का? समजूत घालू नको, खरं काय ते लिही.

जावईबापूंना आशीर्वाद. आईवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आई
नीलाबाई

नांदेड,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग आत्यावर असा संताप आला, की काय सांगू! पण तुला नुसती माया नकोय, खरं हवंय. म्हणून परवा रजा काढून एसटीनं लातूरला आले आणि घरी न येता सरळ अप्पांच्या डॉक्टरांना भेटले. रागावू नकोस.

आई, आता आतडं दोऱ्यानं कमी आणि मशीननं जास्त जोडतात. ऑफिसात कागदाला पिना मारतात ना, तसंच. एका दाबात ती मशीन आतडं कापते आणि बारीक पिनांच्या ओळी मारते. आम्हीही रोज वापरतो. वेळ वाचतो, बहुतेक वेळा काम छान होतं. पण कधी मशीन अडकते. कधी आतडं जाड आणि पिना आखूड पडतात. मग कापलं तर जातं, पण पिना नीट मुडपत नाहीत. अप्पांच्या वेळी मशीन मध्येच अडकली होती आणि एका बाजूच्या पिना वळल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी तिथं हातानं टाके घातले, तरी पुढं तीच जागा गळली. हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

सगळं खापर मी मशीनवर फोडणार नाही. अप्पांची साखर वाढलेली होती, तेही कारण असेल. पण चमचाभर पाण्यानं जोड सुटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्याकडं कितीतरी पेशंटला दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी देतात. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, एवढीच तुझी चूक.

आणखी एक. डॉक्टरांनी हे तुझ्या लेकाला, बसवराजदादाला, त्याच दिवशी सांगितलं होतं. मशीनवालंच ऑपरेशन करा, हा हट्ट त्याचाच होता ना! म्हणून तो तोंड शिवून बसला. त्याचा कान तूच धर, माझा हात पोचत नाही.

मशीनची तक्रार केली का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सरकारकडं नोंद करायची सोय आहे. ते म्हणाले, कंपनीचा माणूस येऊन मशीन बदलून देऊन गेला, विषय मिटला. मी नमस्कार करून उठले. मलाही याच लोकांत नोकरी करायची आहे.

अप्पांना नमस्कार. रागव, पण दूर लोटू नकोस.

तुझी
मंजू

लातूर,
२० फेब्रुवारी २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. सौ. मंजूस आईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. बसवराज मान खाली घालून रडला. अप्पा भितील म्हणून बोललो न्हाई म्हणाला. अप्पा भितील म्हणून आईला मरू द्यायचं, असं मी त्याला विचारलं. पार्वतम्मा म्हणाली, तरीबी पाणी पाजायचं नव्हतंच. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई!

थोड्या वेळानं अप्पांनी माझ्याकडं पाणी मागितलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा मागितलं तवा दिलं. पेला रिकामा केला, अन् नीला, चुकलो म्हणाले. लग्नाला इतकी वर्सं झाली, हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

मग मी तक्रारीचं काढलं, तर अप्पा म्हणाले, जाऊ दे, आपण वाचलो ना. मी म्हणलं, तुम्ही वाचलात. मी रोज मरून ऱ्हायले होते, ते कुणी बघितलं?

सोमवारी मी डॉक्टरकडं चालले. त्यांनी नोंद केल्याबिगर उठणार न्हाई. तुझी नोकरी हाय, तू येऊ नको. तशी मशीन दुसरीकडं अडकली असंल, तर त्या घरातबी कुणी बाई मीच मारलं म्हणून स्वतःला खात बसली असंल. तिला तर तुझ्यासारखी लेकबी नसंल.

जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.

तुझी आई
नीलाबाई